घुगऱ्यांचा वाडगा आणि शनिवारची रात्र

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत न्याहारीसाठी धान्य आणि कडधान्याच्या तिखटमिठाच्या ‘बाऊल’ची पाककृती प्रसिद्ध झाली होती. साहित्यात कीन्वा, राजमा आणि एव्होकॅडो होते, आणि लागणारा वेळ ‘दहा मिनिटे’ असा दिला होता. कीन्वा न मिळाल्यास कोणतेही भरडधान्य घ्यावे, अशी सवलतही कंसात दिलेली होती. कृती मात्र चार ओळींत आटोपली होती आणि तिचा गाभा एवढाच होता, की धान्य व कडधान्य धुऊन एकत्र कुकरला लावावे आणि तीन शिट्ट्या कराव्यात. त्या पाककृतीविषयी लिहायला मला उशीर झाला आहे, परंतु मधल्या काळात मी तो पदार्थ बऱ्याच वेळा करून पाहिला आणि आता जे लिहीत आहे ते हाताखालून गेलेले आहे.

बंगळूरला नोकरी करणारा माझा नातू त्या सुमारास इंदूरला आलेला होता. गेल्या वर्षापासून त्याने दूध, दही, तूप, पनीर सारे वर्ज्य केले आहे. आमच्या शहरात अशा माणसाची सकाळ तशी अडत नाही, कारण कोपऱ्याकोपऱ्यावर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर धरलेले पोहे असतात आणि त्यांवर शेव, कांदा नि जिरावन हा इथला कोरडा मसाला भुरभुरून मिळतो. परंतु रोज पोहेच खाल्ले तर अकरा वाजता पुन्हा पोटात कावळे ओरडू लागतात, ही त्याची तक्रार होती. म्हणून त्या रविवारी पुरवणी उघडताच सूनबाईंनी उत्साहाने घरातली ज्वारी आणि राजमा धुतला, एकत्र कुकरला लावला आणि तीन शिट्ट्या मोजल्या. झाकण काढले तेव्हा ज्वारी दाताखाली खड्यासारखी लागत होती आणि राजम्याचा दाणा दाबला तर वरून मऊ, आत खडूसारखा पांढरा होता. नातवाने पहिला घास तोंडात घेऊन तो मोठ्या अदबीने परत वाटीत ठेवला. त्या दिवशी आम्ही शेवटी पोहेच आणले.

यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी एक गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचे प्रथिन, असते. राजमा कच्चा वा अर्धकच्चा राहिला तर थोडेसे दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब घडवू शकतात, आणि पाणी नीट उकळलेच नाही अशा मंद आचेवर तो शिजवत ठेवला तर तो विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. त्यासाठी राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे लागते आणि ताज्या पाण्यात तो खळखळून, चांगला अर्धा तास उकळावा लागतो. कुकरमध्ये भिजवलेला राजमा पूर्ण मऊ होईपर्यंत ठेवला की काम भागते. आपल्या पाककृतीत भिजवण्याचा शब्दही नव्हता. डब्यातला शिजवलेला राजमा गृहीत धरलेली ती कृती परदेशी पद्धतीची असावी आणि मराठीत येताना तो डबा वाटेत गळून पडला असावा, असा माझा अंदाज आहे.

त्यानंतर मी हे प्रकरण स्वतःच्या हातात घेतले. संपादक महोदय, आपल्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या असतील इतके माझे वय आहे आणि ज्या पदार्थाला आपल्या पुरवणीने ‘बाऊल’ म्हटले तो मला पाहताक्षणीच ओळखीचा वाटला. गहू, ज्वारी, हरभरा यांसारखे दाणे भिजवून, अख्खेच शिजवून, मीठ-तिखट लावून वाटीत घेणे म्हणजे घुगऱ्या. बारशाला वाटतात त्या हरभऱ्याच्या. ज्वारी कांडून शिजवली की ठोंबरा, आणि भरडून शिजवली की कण्या. या पदार्थांचा आपल्याला विसर पडला तो चवीमुळे नव्हे. त्यांच्यामागे गरिबीची सावली होती, आणि ज्यांना पोळी परवडू लागली त्यांनी कण्या आधी सोडल्या. आता तोच पदार्थ खोलगट वाडग्यात, वर कोथिंबीर-लिंबू घेऊन परत आला आहे. त्याचे मी स्वागतच करीन. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे कीन्वाचे, २०१६ हे कडधान्यांचे आणि २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते; आमच्या घरी तिन्हींपैकी एकही पाळले गेले नाही, तेवढी भरपाई आता चालू आहे.

कीन्वा वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षे पिकवलेले ते दाणे आहेत, पंधरा-वीस मिनिटांत शिजतात आणि त्यांतील प्रथिने बहुतेक तृणधान्यांपेक्षा सरस असतात. परंतु त्याच्या एका पाकिटाच्या किमतीत इथल्या छावनीच्या मंडईतून आमच्या घराला महिनाभर पुरेल इतकी ज्वारी येते. शिवाय ज्वारीत जे उणे आहे ते कडधान्य भरून काढते, हाच तर या जोडीचा सगळा अर्थ आहे. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ज्वारीत तर ते विशेषच कमी. उलट चवळी, मटकी, मूग, हरभरा यांत लायसिन भरपूर असते, मात्र मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल तोकडे पडते, जे धान्याकडून मिळते. नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा हा रोग दिसत असे. १९६० च्या सुमारास हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीत ल्युसिन हे आणखी एक अमिनो आम्ल जास्त असण्याशी जोडला होता. त्या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले, परंतु एकट्या ज्वारीवर भिस्त ठेवू नये, हे शहाणपण त्यातून उरलेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात तृणधान्य आणि कडधान्य यांचे प्रमाण साधारण तीनास एक सांगितले जाते. मी न्याहारीपुरते ते दोनास एक धरते, कारण दुपारी आणि रात्री आमच्या ताटात पोळ्यांचेच राज्य असते आणि तिथे हा तोल पुन्हा बिघडतो.

आकड्यांत सांगायचे तर, एका माणसामागे कोरडी ज्वारी ५० ग्रॅम आणि कोरडी चवळी २५ ग्रॅम धरली तर दोन्हींची मिळून दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात. वर चमचाभर भाजलेल्या दाण्यांचा कूट पडला की दीड-दोन ग्रॅमची आणखी भर पडते. तेवढ्याच ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ती चारांच्या आतच राहतात. नातवाच्या अकरा वाजताच्या भुकेचे उत्तर बहुधा या फरकात आणि अख्ख्या दाण्यांतील तंतूंत आहे. पोह्यांशी माझे वैर नाही, हे इंदुरात राहून स्पष्ट लिहिलेले बरे.

आता मूळ मुद्द्यावर येते. या पदार्थाची सारी गोम अशी आहे, की धान्य आणि कडधान्य यांचा शिजण्याचा वेळ सारखा नाही आणि म्हणून त्यांची गाठ कुकरात घालून चालत नाही. ती फोडणीत घालावी लागते. अख्खी ज्वारी रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास भिजवलेली असली तरी तिप्पट पाण्यात, एक शिट्टी झाल्यावर आच मंद करून, चांगला अर्धा तास घेते आणि त्यानंतर कुकर आपोआप उतरू द्यावा लागतो. चवळीला एवढा वेळ दिला तर तिचे पिठले होते. भिजवलेली चवळी तीन शिट्ट्यांत शिजते, काळा हरभरा पाच-सहा घेतो आणि मोड आलेल्या मटकीला तर कुकरच नको; झाकण ठेवून सात-आठ मिनिटांची वाफ तिला पुरते, त्यापुढे ती गळून जाते आणि मोड तुटतात. ज्वारी नीट शिजली आहे हे कसे ओळखावे, याचे माझे गमक असे: दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबला की तो चपटा व्हावा, पण त्याचे साल सुटून बोटाला चिकटू नये. खाताना तो किंचित चिवट लागतो आणि तसाच लागला पाहिजे. ज्यांना तो चावताना त्रास होतो त्यांनी कण्या घ्याव्यात, त्या वीस मिनिटांत होतात. मात्र पाणी बेताचे ठेवले नाही तर वाडग्याऐवजी आजाऱ्याची पेज हाती येते.

आमच्या घरी चवळीने एकदा मला चांगलेच फसवले आणि त्या निमित्ताने बरेच काही कळले. भिजवूनही, पाच शिट्ट्या करूनही ती टणकच राहिली. आधी दुकानदाराला दोष दिला, आणि तो काही अंशी खराही ठरला असता, कारण वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेले कडधान्य कितीही शिजवले तरी हटून बसते. मग ध्यानात आले की त्या दिवशी नळाला पाणी आले नव्हते आणि आम्ही बोअरचे पाणी वापरले होते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कडधान्याच्या सालीतील पेक्टिनला घट्ट करतात, त्यामुळे दाणा मऊ होत नाही. जलूदहून नर्मदेचे पाणी या शहरात येण्यापूर्वी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, माझ्या सासूबाई डाळीसाठी कोणत्या विहिरीचे पाणी आणायचे हे ठरवून ठेवत. त्यांच्या त्या हट्टाचा अर्थ मला इतक्या वर्षांनी लागला. चिंच, टोमॅटो आणि आमसूलही दाणा असाच टणक ठेवतात, म्हणून आंबट पदार्थ कडधान्य पूर्ण शिजल्यावरच घालावा. सोड्याची चिमूट टाकली की दाणा लवकर मऊ होतो हे खरे, परंतु त्यात थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवीला साबणाची छटा येते. मी ती टाकत नाही. मिठाविषयी मात्र उगाच भीती घातली जाते. भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ घातले तर साल उलट मऊच पडते.

मटकीची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्याहून लग्न होऊन आलेली माझी धाकटी सून पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानात जाऊन ‘एक किलो मटकी’ मागू लागली, तेव्हा दुकानदाराने तिला मोठ्या सौजन्याने समोरच्या कुंभाराकडे पाठवले. हिंदीत मटकी म्हणजे मातीचे छोटे मडके. इथे मटकीला ‘मोठ’ म्हणावे लागते, चवळीला ‘चवला’ आणि ज्वारीला ‘ज्वार’. आपला अंक महाराष्ट्राबाहेरही वाचला जातो, हे ध्यानात घेऊन अशा नावांची एक ओळ पाककृतीखाली दिलीत तर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या बऱ्याच सुनांचा हेलपाटा वाचेल.

मोड आणण्याविषयी पुरवणीने काहीच सांगितले नव्हते. मटकी आठ तास भिजवून, निथळून, ओल्या पंच्यात बांधून ठेवली तर उन्हाळ्यात बारा तासांत मोड डोकावतात. पौषात मात्र इथली थंडी अशी असते की पंचा पिठाच्या डब्यामागे उबेला ठेवूनही दोन दिवस वाट पाहावी लागते. मोडांमुळे ‘क’ जीवनसत्त्व वाढते आणि लोह, जस्त यांना अडवून धरणारे फायटिक आम्ल घटते. तो लाभ पदरात पडावा म्हणून वाडग्यावर शेवटी लिंबू पिळावे, कारण वनस्पतिजन्य लोह आंबट फळांच्या सोबतीने अधिक शोषले जाते, आणि चहा तासाभराने घ्यावा, कारण चहातील टॅनिन नेमके उलटे काम करते. ही शेवटची अट आमच्या घरात अद्याप कोणी पाळलेली नाही. भिजवलेले पाणी फेकून दिले की पोटात वायू धरवणाऱ्या शर्कराही बऱ्याचशा त्याबरोबर जातात. तरीही हिंग सढळ हाताने घालावा.

फोडणी नेहमीचीच. शेंगदाण्याचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेले आले आणि हिरवी मिरची, मग हळद. त्यावर बारीक चिरलेला कांदा किंचित गुलाबी झाला की आधी कडधान्य आणि दोन मिनिटांनी ज्वारी घालावी, म्हणजे ज्वारीच्या दाण्यांना तेलाचा नुसता हात लागतो आणि ते सुटे राहतात. गोडा मसाला पाव चमचा पुरे. वाडग्यात काढल्यावर दाण्याचा कूट, ओले खोबरे, कोथिंबीर आणि काकडी किंवा टोमॅटोच्या फोडी. तूप, दही नसल्याची उणीव दाण्याचा कूट बऱ्यापैकी भरून काढतो. तीळ भाजून जाडसर कुटून घातले तर अधिकच. वरून जिरावन भुरभुरायला इंदूरकराला सांगावे लागत नाही. शेव घालावी का, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. माझे मत असे, की चिमूटभर घालावी; मूठभर घातली की खाली काय आहे हे कोणीच विचारत नाही आणि मग एवढी ज्वारी शिजवण्याचा खटाटोप कशासाठी करायचा?

आमच्या माळव्यात एके काळी खरिपाला ज्वारीच ज्वारी असे. सोयाबीन आले आणि तिला शेतातून हळूहळू बाहेर काढले. आता चांगली ज्वारी पाहायची तर खाली निमाडात, खरगोन-बडवानीकडे जावे लागते. राष्ट्रीय पातळीवरची सोयाबीन संशोधन संस्था आमच्याच शहरात आहे आणि भोवतालच्या शेतांत सोयाबीनच उभे असते, पण ते घाण्यात जाते. घरच्या वाटीत दाणा म्हणून ते क्वचितच उतरते. मी ते एकदा या वाडग्यात वापरून पाहिले. आठ तास भिजवून, साले चोळून काढून, भरपूर शिजवून, कारण त्यातील ट्रिप्सिन रोधक, म्हणजे प्रथिनांचे पचन अडवणारा घटक, शिजल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. प्रथिनांत त्याला तोड नाही, परंतु त्याचा कच्चट वास फोडणीलाही दाद देत नाही. नातू म्हणाला छान आहे. मी चवळीवर परत आले.

एक सूचना आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक वाटते. शिजवलेली ज्वारी आणि चवळी वेगवेगळ्या डब्यांत फ्रीजमध्ये तीन दिवस उत्तम राहतात, आणि सकाळी नोकरीवर निघणाऱ्यांसाठी हीच खरी सोय आहे: फोडणीपुरती दहा मिनिटे. आपल्या पुरवणीतील ‘दहा मिनिटे’ कुठून आली असावीत, हे मला इथे उमगले. मात्र शिजलेले धान्य वैशाखात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष नुसते पुन्हा गरम केल्याने जात नाही. आणि ज्यांनी नातवासारखे दूधदुभते पूर्ण सोडले आहे त्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण ते या वाडग्यात काहीही घातले तरी मिळत नाही. अशा पाककृतींच्या शीर्षकात ‘परिपूर्ण आहार’ हे शब्द सहज वापरले जातात, ते या एका कारणासाठी तरी टाळावेत.

आपल्याकडे माझी तक्रार आहे ती पाककृती छापण्याविषयी नव्हे, तर ती अर्धीच छापण्याविषयी आहे. शिट्ट्या मोजून सांगितल्या की कृती सांगितली, असा समज छापील पाककृतींत फार बळावला आहे. कुणाचा कुकर तीन लिटरचा, कुणाचा सातचा. कुणाकडे नर्मदेचे पाणी, कुणाकडे बोअरचे. कुणाची चवळी यंदाची, कुणाची तीन वर्षांपूर्वीची. अशा वेळी दाणा कसा दिसावा आणि बोटांना कसा लागावा हे एक वाक्य पाच शिट्ट्यांपेक्षा अधिक उपयोगाचे असते. आमच्या आया-सासवांनी घड्याळ न पाहता शिकवले ते असेच.

आणि एक विनंती आहे, जी संपादकीय विभागाला कदाचित क्षुल्लक वाटेल. ज्या पदार्थाचे दाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात त्याची पाककृती रविवारी सकाळी वाचून काय करायचे? आमच्या घरी जे घडले ते दुसऱ्याही अनेक घरी त्याच दिवशी, त्याच वेळी घडले असणार. तेव्हा अशी पाककृती यापुढे शनिवारच्या अंकात द्यावी. ते शक्य नसेल तर निदान शनिवारी पहिल्या पानाच्या तळाशी, ‘उद्याच्या न्याहारीसाठी आज रात्री दोन वाट्या ज्वारी आणि एक वाटी चवळी वेगवेगळी भिजत घालावी’ एवढी एक ओळ छापावी.

कळावे,
आपली नम्र,
एक जुनी वाचक, इंदूर